रँचोच्या शाळेतली खरी बघण्यासारखी भिंत: उणे २० अंशांत हीटरविना उबदार राहणारं वसतिगृह कसं बांधतात?

लेहहून मनालीच्या रस्त्याने निघालं की साधारण पंधरा किलोमीटरवर शे नावाचं गाव लागतं. तिथे एक शाळा आहे. २००९ साली आलेल्या 'थ्री इडियट्स'मध्ये शेवटी रँचो जी शाळा चालवताना दिसतो, तीच ही. खरं नाव ड्रुक पद्म कार्पो स्कूल, जगभरात ओळख 'ड्रुक व्हाइट लोटस स्कूल' अशी. सिनेमा आल्यानंतर कित्येक वर्षं पर्यटक इथे यायचे आणि चतुरच्या त्या प्रसिद्ध सीनमधल्या भिंतीसमोर उभं राहून सेल्फी काढायचे.

पण या शाळेत बघण्यासारखी भिंत वेगळीच आहे. ती आहे मुलांच्या वसतिगृहाची. बाहेरून काच लावलेली, दिवसभर उन्हात तापणारी आणि रात्री मुलं झोपली की आतून ऊब सोडणारी.

लडाखमध्ये हिवाळ्यात रात्रीचा पारा उणे २० पर्यंत उतरतो. अशा ठिकाणी शंभर-दोनशे मुलांना रात्रभर ऊब द्यायची तर एरवी लाकूड, केरोसीन किंवा कोळसा जाळावा लागतो. बुखारी म्हणजे तिथली धुराड्याची शेगडी, ती खोलीत पेटवायची. इंधन डोंगरातून ट्रकने आणायचं आणि धूर मुलांनी गिळायचा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यामुळे गुदमरून मृत्यू, ही उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येणारी बातमी आहे. त्यामुळे इथे 'शाश्वत इमारत' हा फक्त पर्यावरण दिनाच्या पोस्टरचा विषय राहत नाही. रात्री मूल सुरक्षित झोपणार का, हा प्रश्न आहे.

मग ही भिंत नेमकं करते काय? आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेला असं वसतिगृह बांधायचं असेल तर हीच भिंत इथे चालेल का?

शाळा दिवसाची, वसतिगृह रात्रीचं

वसतिगृह म्हणजे शाळेच्याच इमारतीचा एक मजला वाढवायचा, वर्गाच्या जागी कॉट टाकायच्या, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होतंही तसंच.

शे इथल्या शाळेचं डिझाइन 'अरुप' या ब्रिटिश कंपनीच्या वास्तुरचनाकारांनी आणि इंजिनिअर्सनी केलं. सिडनीचं ऑपेरा हाउस उभं करण्यात ज्यांचं इंजिनिअरिंग होतं, तीच ही कंपनी. त्यांनी सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारला: मुलं कोणत्या वेळी कोणत्या खोलीत असतात?

वर्गात मुलं सकाळी येतात. रात्रभर गारठलेली खोली त्यांना पहिल्या तासालाच उबदार हवी असते. संध्याकाळी वर्ग रिकामा, तेव्हा तो गार झाला तरी कुणाचं काही अडत नाही. वसतिगृहाचं बरोबर उलटं. दिवसा तिथे कुणी नसतं. ऊब हवी ती रात्री नऊ ते सकाळी सहा.

म्हणून या कॅम्पसवरच्या दोन प्रकारच्या इमारती दोन दिशांना तोंड करून उभ्या आहेत. वर्गांच्या इमारती दक्षिणेपासून ३० अंश पूर्वेकडे कललेल्या आहेत, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन मोठ्या खिडक्यांतून थेट आत येतं. वसतिगृहं मात्र थेट दक्षिणेकडे बघतात. दिवसभरात जास्तीत जास्त ऊन त्यांच्या भिंतीला लागावं आणि ते साठवलं जावं, ही त्यामागची कल्पना.

३० अंशांचा हा फरक नकाशावर पाहिला तर किरकोळ वाटेल. त्यासाठी वेगळा खर्चही येत नाही. इमारत कोणत्या दिशेला फिरवायची हे कागदावर ठरवायला पैसे लागत नाहीत, पण एकदा पाया खणला की ती चूक कितीही पैसे ओतून सुधारत नाही.

ट्रोंब वॉल म्हणजे काय?

उन्हात काचा बंद करून उभी केलेली कार आठवा. दार उघडल्यावर आतून भपकन गरम हवा येते. काचेतून ऊन आत जातं, आतल्या वस्तू तापतात, पण त्या वस्तूंमधून निघणारी उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. ट्रोंब वॉल हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणते.

दक्षिणेकडची भिंत जाड बांधायची. दगड, माती, विटा, जे जड आणि उष्णता धरून ठेवणारं असेल ते. तिची बाहेरची बाजू गडद रंगाची ठेवायची. तिच्यासमोर काही इंचांची पोकळी सोडून काच लावायची. ऊन काचेतून भिंतीवर पडतं, भिंत तापते, आणि ती उष्णता हळूहळू भिंतीतून आतल्या बाजूला सरकत राहते.

गंमत आहे ती या 'हळूहळू'मध्ये. ढोबळ हिशेब असा की, अशा जड भिंतीतून उष्णतेची लाट तासाला साधारण अडीच सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीची भिंत असेल तर दुपारी बाराची उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला रात्रीचे बारा वाजतात. भिंतीची जाडी बदलली की ऊब पोहोचण्याची वेळ बदलते. एका अर्थाने जाडी ठरवणं म्हणजे गजर लावणं.

कल्पना ड्रुक शाळेची नाही, तशी ट्रोंब यांचीही नाही. अमेरिकेतल्या सेलम शहरात राहणाऱ्या एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये अशा भिंतीचं पेटंट घेतलं होतं. पण ती तशीच विसरली गेली. पुढे फेलिक्स ट्रोंब हे फ्रेंच इंजिनिअर आणि वास्तुरचनाकार झाक मिशेल यांनी १९६७ मध्ये पिरनीज पर्वतातल्या ओदेयो इथे अशी भिंत असलेलं घर बांधलं आणि नाव ट्रोंब यांचं लागलं.

या भिंतीत आणखी एक सोय करता येते. भिंतीला खाली आणि वर झरोके ठेवायचे. दिवसा काचेमागची हवा तापून वर जाते, वरच्या झरोक्यातून खोलीत शिरते आणि खोलीतली गार हवा खालच्या झरोक्यातून पोकळीत ओढली जाते. पंखा नाही, मोटर नाही. ड्रुक शाळेच्या वसतिगृहांत असे झरोके उघडता-बंद करता येतात.

पण रात्री हे झरोके उघडे राहिले तर? काचेला लागून असलेली हवा गारठते, जड होऊन खाली बसते आणि खालच्या झरोक्यातून खोलीत येते. खोलीतली ऊबदार हवा वरून पोकळीत जाते. म्हणजे भिंत उलटी चालू लागते आणि खोली गार करते. झरोका बंद करायला कुणीतरी विसरलं, एवढंच कारण पुरतं.

सूर्याचा कोनही इथे मदतीला येतो. लेह साधारण ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो, त्यामुळे ऊन दक्षिणेच्या भिंतीवर जवळपास समोरून येतं. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. तेव्हा छपराचा थोडा पुढे आलेला भागही भिंतीवर सावली धरायला पुरेसा होतो. हिवाळ्यात तापणारी भिंत उन्हाळ्यात आपोआप कमी तापते. त्यात लेहमध्ये वर्षातले ३०० हून जास्त दिवस स्वच्छ ऊन असतं. थंडी कडाक्याची, पण आकाश मोकळं. हे जुळून आलं नसतं तर ही सगळी युक्ती तिथेही फसली असती.

फे गावचा स्वस्तातला उपाय

लेहच्या दुसऱ्या बाजूला, सिंधू नदीकाठी फे नावाचं गाव आहे. तिथे 'सेकमॉल' या संस्थेचा कॅम्पस आहे. १९८८ मध्ये सोनम वांगचुक आणि इतर काही लडाखी तरुणांनी ही संस्था सुरू केली. दहावी नापास झालेल्या मुलांना सोबत घेऊन काम करणारी संस्था म्हणून ती ओळखली जाते.

इथल्या इमारती मातीच्या आहेत. साच्यात ओलसर माती भरायची आणि थर दर थर ठोकून घट्ट करायची, अशा पद्धतीच्या जाड भिंती. मोठी बाजू दक्षिणेकडे. आणि हिवाळा आला की दक्षिणेच्या भिंतीसमोर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ताणला जातो. झालं ग्रीनहाउस तयार. त्यात भाजी पिकते आणि तापलेली हवा खोल्यांत जाते. थंडी संपली की पडदा काढून ठेवायचा. बाहेर उणे १५ असताना आत अधिक १५ च्या आसपास तापमान राहतं, असं संस्था सांगते. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात मातीच्या बांधकामांसाठीचे आंतरराष्ट्रीय 'टेरा अवॉर्ड' दिले गेले, त्यात सेकमॉलच्या मुख्य इमारतीचा समावेश होता.

शेची भिंत इंजिनिअरिंगचा नमुना आहे, फेचं प्लास्टिक जुगाड वाटेल. पण एखाद्या गरीब शाळेने दोन्हींतून काय उचलावं असं विचारलं, तर उत्तर बहुधा फे असेल. काच फुटली तर लेहमध्ये ती बदलणं सोपं नाही. प्लास्टिक फाटलं तर दुसरं आणता येतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. उष्णता मिळवणं हे निम्मं काम, ती टिकवणं उरलेलं निम्मं. छतात आणि भिंतींत भुसा, लाकडाचा कीस, गवत असं काहीतरी भरावं लागतं, उत्तरेकडच्या खिडक्या लहान ठेवाव्या लागतात. शिवाय मुलांच्या अंगाची ऊब असतेच. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून ५०-६० वॅट उष्णता बाहेर पडते. एका खोलीत २० मुलं म्हणजे एक किलोवॉटचा हीटर रात्रभर चालू! पण तीच २० मुलं रात्रभर श्वासही सोडतात. खोली अगदी हवाबंद केली तर सकाळी डोकी जड, एकाची सर्दी सगळ्यांना. म्हणून थोडी ऊब गेली तरी चालेल, पण ताजी हवा येण्याची वाट ठेवावीच लागते.

मातीचं घर भूकंपात टिकतं का?

लडाख भूकंपप्रवण भाग आहे आणि जड मातीचं छत कोसळलं तर ते जीवघेणं ठरतं. शे इथे यावर तोडगा असा काढला की, छताचं वजन भिंतींवर टाकलंच नाही. आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आहे, त्याचे सांधे पोलादाने बांधलेले आहेत आणि छत त्यावर आहे. दगड-मातीच्या भिंतींचं काम ऊब धरण्याचं. छत मात्र पारंपरिकच: पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काड्या, त्यावर माती. मराठवाड्यातलं किंवा सोलापूरकडचं माळवद, खान्देशातलं धाब्याचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे छत अजिबात परकं वाटणार नाही.

२००२ च्या जागतिक वास्तुकला पुरस्कारांमध्ये या शाळेला तीन पुरस्कार मिळाले. आशियातली सर्वोत्तम इमारत, सर्वोत्तम शैक्षणिक इमारत आणि सर्वोत्तम हरित इमारत.

टॉयलेट, ज्याला पाणीच लागत नाही

लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैमध्ये एवढा एका दिवसात पडून जातो. हिवाळ्यात पाइप गोठतात. अशा ठिकाणी फ्लशचा संडास बांधणं म्हणजे मुलांना बादली घेऊन बर्फात पाठवणं.

लडाखी घरांत पूर्वीपासून कोरडे संडास असतात. वरच्या मजल्यावर भोक, खाली खोली, वरून माती टाकायची, वर्षभराने खत शेतात. ड्रुक शाळेने त्यात सुधारणा केली. संडासाच्या मागे उन्हाच्या बाजूला एक उभं धुराडं ठेवलं आणि त्याचा पत्रा काळा केला. ऊन लागलं की धुराड्यातली हवा तापून वर जाते आणि सोबत खड्ड्यातला वास, माश्या ओढून नेते. हवेशीर खड्ड्याचा असा संडास १९७० च्या दशकात आजच्या झिम्बाब्वेमध्ये विकसित झाला होता. लडाखमध्ये फक्त त्याला सूर्याची जोड मिळाली.

मुलांच्या वसतिगृहात सगळ्यात आधी बिघडतो तो संडास, हे कुठल्याही रेक्टरला विचारा. मोटर नाही, टाकी नाही, नळ नाही, म्हणजे बिघडायला फारसं काही उरतच नाही.

आणि मग २०१० आलं

५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेह परिसरात ढगफुटी झाली. दोनशेहून अधिक माणसं गेली. डोंगरावरून आलेला चिखल ड्रुक शाळेच्या कॅम्पसमध्येही शिरला आणि मोठी साफसफाई करावी लागली.

हा भाग सोशल मीडियावरच्या कौतुकाच्या पोस्टमध्ये सहसा नसतो. मातीचं सपाट छत १०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशासाठी बनलेलं आहे. हवामान बदललं आणि लडाखमध्ये मुसळधार पाऊस पडू लागला की हीच छतं गळतात. शेकडो वर्षं चाललेलं तंत्र पुढची ५० वर्षंही तसंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही.

मग हेच वसतिगृह चंद्रपुरात बांधलं तर?

तर मुलं बाहेर अंगणात झोपायला जातील.

विनोद सोडा, पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच वसतिगृहांत ट्रोंब वॉल आधीच आहे. फक्त ती आडवी आहे आणि नको त्या जागी आहे. तिचं नाव आरसीसी स्लॅब.

१२-१५ सेंटिमीटरचा स्लॅब. मघाचाच हिशेब लावा. दुपारी एक-दोनचं ऊन आतल्या बाजूला पोहोचायला पाच-सहा तास. म्हणजे संध्याकाळी सात-आठला, मुलं जेवून खोलीत येतात तेव्हा, स्लॅब उष्णता ओकायला सुरुवात करतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ओकतच राहतो. विदर्भात मे महिन्यात शाळांना सुट्टी असते हे खरं, पण मार्च-एप्रिलमध्ये नसते. एप्रिलमध्ये नागपूरचं दिवसाचं तापमान ४० च्या घरात असतं, रात्री बाहेर बऱ्यापैकी गार होतं. आणि मुलं झोपतात भट्टीत. त्यात डबल-डेकर कॉट असेल तर वरच्या मुलाचं डोकं छताच्या सर्वांत जवळ.

महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आदिवासी आश्रमशाळा आहेत. त्यातल्या अनेक ठिकाणी दिवसाचा वर्ग हीच रात्रीची झोपायची खोली, हे वर्षानुवर्षं बातम्यांमधून समोर आलं आहे. बाकं सरकवायची, सतरंज्या टाकायच्या. दिवसाच्या कामासाठी बांधलेली खोली रात्री मुलांना काय देते, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

लडाखकडून उचलायचा तो हा प्रश्न. तिथली भिंत तिथेच राहू द्यावी.

विदर्भ-खान्देशात उत्तर येतं ते असं. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण, अरुंद बाजू पूर्व-पश्चिम. पश्चिमेचं तिरपं ऊन कुठलाही छज्जा अडवू शकत नाही, म्हणून त्या बाजूला झोपायची खोली ठेवायचीच नाही. जिना, कोठी, न्हाणीघर तिकडे ढकलायचं. उन्हाचा मार ते सोसतील. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या, म्हणजे रात्रीचा वारा खोलीतून आरपार जाईल. एकाच बाजूला व्हरांडा आणि दुसऱ्या बाजूला आंधळी भिंत, या आपल्या आवडत्या नकाशात वारा शिरतो पण त्याला बाहेर पडायला वाट नसते.

छतासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे चुना. पांढरं छत ऊन परतवतं, स्लॅब मुळात कमी तापतो. तेलंगणाने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच आणलं, अहमदाबादनेही उष्णतेच्या लाटांविरुद्धच्या आराखड्यात वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. पैसे थोडे जास्त असतील तर पुण्या-मुंबईच्या गच्चीवर दिसतं ते पांढरं चायना मोझॅक. भिंतींसाठी लॉरी बेकर यांनी केरळमध्ये लोकप्रिय केलेली 'रॅट ट्रॅप' पद्धत आहे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. विटा साधारण पाव हिस्सा वाचतात आणि ती पोकळी उष्णता अडवते.

पण हेच उत्तर जव्हार-मोखाड्याला नेलं तर तेही चुकेल. तिथला प्रश्न पावसाचा आणि ओलीचा आहे. दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो, त्यामुळे जाड भिंतींचा उपयोग कमी. उतरतं छप्पर, रुंद पागोळ्या, उंच जोतं आणि वाहती हवा हवी. आणि एक गोष्ट जी कुठल्याही नकाशात काढलेली नसते: कपडे वाळत घालायची जागा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शंभर मुलांचे गणवेश, टॉवेल, चादरी कुठे वाळणार? उत्तर नसेल तर ते खोलीतच दोऱ्या बांधून वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. ओल, बुरशी, मग गजकर्ण. छप्पर असलेली, बाजूंनी उघडी अशी एक पडवी हा खर्च वाचवतेही आणि मुलांचं अंगही.

धडगाव-तोरणमाळकडे, सातपुड्याच्या अंगावर, पुन्हा वेगळं. तिथे हिवाळ्यात हुडहुडी भरते. सकाळच्या अंघोळीसाठी बंब पेटतो, सरपण लागतं. इथे सूर्याचा सर्वांत सरळ उपयोग म्हणजे सोलर वॉटर हीटर. दिवसाला १०० लिटर पाणी तापवायला साधारण दोन चौरस मीटरचं पॅनेल लागतं. शंभर मुलांना प्रत्येकी २० लिटर गरम पाणी द्यायचं म्हटलं तर ४० चौरस मीटर. जागा गच्चीवर सहज मिळते.

पावसाच्या पाण्याचा हिशेब

'रेनवॉटर हार्वेस्टिंग' हा शब्द प्रत्येक शाश्वत इमारतीच्या माहितीपत्रकात असतो. आकडे घालून बघूया. भारतीय मानकांनुसार वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. शंभर मुलं म्हणजे रोज १३,५०० लिटर. समजा छत ६०० चौरस मीटरचं आहे आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. छतावर पडणारं पाणी ४ लाख २० हजार लिटर. गळती, पहिल्या पावसाचं सोडून द्यावं लागणारं पाणी वगैरे वजा करून ८० टक्के हाती लागलं तर सुमारे ३ लाख ३६ हजार.

किती दिवस पुरेल? पंचवीस.

म्हणजे साठवायचं नाही असं नव्हे. पण १३५ पैकी ४५ लिटर नुसते फ्लशला जातात हे कळलं की नजर दुसरीकडे वळते. अंघोळीचं आणि कपड्यांचं सांडपाणी वेगळ्या पाइपने काढून, गाळून फ्लशला वापरलं तर रोज साडेचार हजार लिटर वाचतात, तेही वर्षाचे बारा महिने. अट एकच, हे दोन वेगळे पाइप बांधकाम चालू असतानाच टाकावे लागतात. नंतर भिंती फोडून ते कुणी करत नाही.

स्वयंपाकघरातल्या उष्ट्या-खरकट्याचं उत्तर तर मराठी माणसाच्या घरातच तयार झालंय. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा लहान बायोगॅस संच तयार केला. त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा 'ॲशडेन' पुरस्कार मिळाला. रोज शंभर ताटं होणाऱ्या ठिकाणी त्याला खाद्य कमी पडायचं कारण नाही.

छतावरचे वीज देणारे सोलर पॅनेल या लेखात एवढ्या उशिरा येतायत, याचं कारण आहे. देणगीदाराला पॅनेल दिसतात, फोटोत छान येतात, म्हणून वसतिगृहाला 'ग्रीन' करायची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. पण चुकीच्या दिशेला बांधलेल्या, तापलेल्या स्लॅबखाली सोलरवर पंखा लावला तर तो गरम हवाच फिरवणार.

चालवणार कोण?

सेकमॉलमध्ये कामाच्या जबाबदाऱ्या मुलं आपापसांत वाटून घेतात. कुणी सोलर सांभाळतं, कुणी गाई, कुणी बाग, कुणी स्वयंपाकघर. ठरावीक काळाने जबाबदाऱ्या बदलतात. ग्रीनहाउसचा पडदा कधी लावायचा, कधी काढायचा, हे त्यांच्याच कामात येतं.

कारण अशी इमारत स्वतःहून चालत नाही. झरोके रात्री बंद करावे लागतात, काच पुसावी लागते, कोरड्या संडासात माती टाकावी लागते. गाळणीतला गाळ काढावा लागतो. आपल्याकडे वसतिगृहाच्या निविदेत बांधकामाचा आकडा असतो, या कामांसाठी माणूस किंवा पैसे धरलेले नसतात. छताला पहिल्या वर्षी मारलेला चुना पावसाळ्यात धुपतो, धूळ बसून राखाडी होतो. तो दरवर्षी द्यावा लागतो, तोही उन्हं चढायच्या आधी, फेब्रुवारी संपेपर्यंत. एप्रिलमध्ये मंजुरी मिळून मेमध्ये चुना लागला, तर तोवर मुलं सुट्टीवर घरी गेलेली असतात.